रंगूबाईचं नाक

सावळारामनं नदीकडच्या अर्ध्या एकरात सफरचंदाची झाडं लावली, तेव्हा निरवांगीतल्या लोकांना महिनाभर दुसरा विषय उरला नाही. ऊस, डाळिंब, पेरू हे ठीक. पण उन्हाळ्यात जिथं गोठ्याच्या पत्र्याला हात लावला तर फोड येतो, तिथं सफरचंद? "तात्या, बरफ कुठनं आणणार?" असं कुणीतरी विचारलं, तेव्हा सावळाराम एवढंच म्हणाला, "ह्या जातीला बरफ लागत न्हाय. हरमन म्हणत्यात तिला. वाचल्याबिगर लावली न्हाय मी."

तिसऱ्या वर्षी झाडांनी त्याचा शब्द राखला. मेच्या शेवटाला फांद्या फळांनी वाकल्या. पण फळं लिंबापेक्षा थोडी मोठी, एका गालावर फिकट लाली आणि बाकी हिरवट. चव आंबट, मागून तुरट. इंदापूरच्या व्यापाऱ्यानं एक चावलं, उरलेलं हळूच कॅरेटमध्ये परत ठेवलं आणि म्हणाला, "फळ चांगलंच हाय तात्या, पण गिऱ्हाईक काश्मीरचं मागतंय." सावळाराम बारा कॅरेट त्याच टेम्पोत घालून माघारी आला. ती पडवीत उतरवली, हातपाय धुतले आणि जेवायला बसला. दोन दिवस घरात त्या कॅरेटकडं कुणी सरळ बघितलं नाही. म्हशींनी तेवढी आवडीनं खाल्ली.

संजीवनी त्याची सून. बारामतीच्या एमआयडीसीत एका दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. रोज सकाळी स्कूटीवरून निघायची, टँकरमधल्या दुधाचे नमुने तपासायची, दह्याची विरजणं सांभाळायची आणि दुपार कलली की परत यायची. आंबवणं म्हणजे काय, कशानं बिघडतं, कशानं साधतं, हे तिच्या रोजच्या हाताखालचं. तिसऱ्या दिवशी तिनं पडवीतलं एक सफरचंद कापलं, चाखलं आणि सासऱ्याला म्हणाली, "मामा, खायला हे फळ न्हाय चालायचं. पण ह्याचं सायडर चांगलं होईल. त्याला असंच आंबट-तुरट फळ लागतं."

"ते काय असतंय?"

"रस काढायचा, यीस्ट घालायचं आन् आंबू द्यायचा. महिन्याभरात तयार होतं."

"म्हंजे दारूच की."

"बियरसारखी हलकी. पण दारूच, मामा. खोटं कशाला सांगू?"

सावळारामनं उभ्या जन्मात थेंबाला हात लावला नव्हता. त्यानं कॅरेटमधलं एक फळ उचलून हातात फिरवलं. "घरात करायला सरकारची परवानगी असती का?"

"न्हाय. परवाना लागतो."

"मग चार बरण्या कर. शिकायला म्हणून. त्यातला घोट उंबऱ्याबाहेर जायचा न्हाय, इकायचा तर न्हायच न्हाय. जमलं तर फुडच्या साली कागद करून रीतसर कर. न्हाय जमलं तर झाडं काढून डाळिंब लावू."

झाडं काढण्याचं तो बोलला तेव्हा त्याचा आवाज जरा बसला, हे संजीवनीच्या ध्यानात आलं. त्या रविवारी तिनं नवऱ्याला, अविराजला, हाताशी घेतलं. दोघांनी मिळून फळं किसली, स्वच्छ पंच्यातून पिळली आणि पहिला रस काचेच्या मोठ्या बरणीत भरला. झाकणाला भोक पाडून नळी बसवली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं, म्हणजे आतली हवा बुडबुड्यांवाटे बाहेर जाईल पण बाहेरची आत येणार नाही. बरणी मागच्या खोलीत ठेवली. दगडी भिंतींची ती खोली भर उन्हाळ्यातही गार असायची.

तीन आठवड्यांनी बरणीतलं सायडर निवळलं. रंग फिकट सोनेरी आणि तळ दिसेल इतकं नितळ. संजीवनीनं चमचाभर घेतलं, अविराजला दिलं.

"कसं हाय?"

अविराज बायकोला दुखवायचं नाही म्हणून शब्द शोधत राहिला. "सफरचंद धुतलेलं पाणी पिल्यासारखं वाटतंय," तो शेवटी म्हणाला.

खरं होतं. कुठं बिघडलेलं नव्हतं, पण कुठं भरलेलंही नव्हतं. आंबटपणा होता, अंग नव्हतं. संजीवनीनं मग ठरवलं, सफरचंदाला आपल्याकडच्या फळांची जोड द्यायची. बांधावर जांभळाचं झाड पिकलं होतं. दुसरी बरणी भरताना तिनं दोन किलो जांभळं मिक्सरमधून काढली आणि बियांसकट रसात ओतली.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा मागच्या खोलीचं छत जांभळं झालं होतं. फेस चढून चढून नळीत चोथा अडकला होता, झाकण उडालं होतं आणि अर्धी बरणी भिंतीवर होती. रंगूबाई, तिची सासू, लुगड्याचा ओचा खोचून फरशी पुसत होती.

रंगूबाईबद्दल इथं सांगायला हवं. तीस वर्षं ती इंदापूरच्या आठवडे बाजारात पाटी घेऊन बसत होती. जांभळं, बोरं, पेरू, चिकू, जे हंगामाला असेल ते. सगळ्या बाजारात तिचं नाक ठाऊक होतं. कलिंगडाच्या देठाशी नाक नेऊन ते आत कसं निघेल हे ती सांगायची, आणि मोठमोठे व्यापारी ढिगातली फळं उचलून तिच्यापुढं धरायचे. पेरूच्या नुसत्या वासावरून तो कुठल्या मळ्यातला, विहिरीच्या पाण्यावरचा की कालव्याच्या, हे ओळखायची असं लोक सांगत. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर मात्र तिनं बाजार सोडला. गुडघे साथ देत नाहीत, म्हणाली. कुणी जास्त विचारलं नाही. साठीला टेकलेल्या बाईनं पाटी खाली ठेवली तर त्यात विचारायचं काय?

सुनेच्या ह्या उद्योगात ती आतापर्यंत पडली नव्हती. आता फडकं पिळत तिनं विचारलं, "जांभळं कवा घातली व्हतीस?"

"सुरुवातीलाच, आत्या. रसाबरोबर."

"आन् बिया?"

"बियांसकट. मिक्सरमधनं काढून."

रंगूबाईनं फडकं बादलीत टाकलं. "जांभळाची बी वाटून खाती का कुणी? दाढा कडू व्हतील. आन् आमटीत कोथमीर कवा टाकतीस तू? फोडणीत का उतरताना?"

"उतरताना."

"का?"

"आधी टाकली तर वास उडून जातो."

"मग हितं उलटं का केलंस? उकळीत टाकलं, वास गेला उडून आन् फेस ऱ्हायला तुला. सफरचंदाची खदखद आधी सरू दे. निवांत झालं की मग फळ घालायचं."

संजीवनी बादलीशेजारी तशीच उभी राहिली. प्रकल्पात एका गोऱ्या तज्ज्ञाचं व्याख्यान तिनं ऐकलं होतं. वास देणारी चीज आंबवणीच्या शेवटी घालावी, हे सांगायला त्यानं पाऊण तास आणि वीस चित्रं घेतली होती. आत्यांनी एका कोथिंबिरीत उरकलं होतं.

तिथून पुढं दोघी मिळून ते काम करू लागल्या. रंगूबाईनं मागच्या खोलीत पाट टाकला आणि बरण्यांजवळ बसू लागली. नळीतून येणाऱ्या बुडबुड्यांचा आवाज ती ऐकायची. "कालपतुर एका श्वासाला तीन येत व्हते," ती सांगायची, "आज तीन श्वासांना एक येतोय. उद्या घालू फळ." संजीवनीनं घनता मोजायची काचेची नळी रसात सोडून बघितलं, तर आकडा रंगूबाईच्या बाजूनंच निघाला.

फळं निवडायचं काम रंगूबाईचं. जांभूळ ती दोन बोटांत धरून किंचित फिरवायची आणि साल गरावरून सरकली तरच घ्यायची. मिक्सरला तिनं हात लावू दिला नाही. परातीत जांभळं घेऊन ती हातानं कुस्करायची आणि बी न फुटता बाजूला यायची. साल मात्र टाकू द्यायची नाही, रंग आणि तुरटपणा सालीत असतो म्हणायची. पेरू तिला गाभुळलेला हवा असायचा. पूर्ण पिकलेला नको, तो बरणीत जाऊन शेंबडासारखा होतो. डाळिंबाचे दाणे पंच्यात बांधून हळू दाबायचे, आतली पिवळी पापुद्री एकसुद्धा राहता कामा नये. ह्यातलं फारसं ती बोलून सांगत नसे. हात चालवत राही आणि संजीवनी बघत राही.

एक मात्र ती सारखं करायची. फळ चिरलं की संजीवनीच्या नाकाशी धरायची. "घे वास. कशावानी येतोय?"

"पेरूसारखा."

"पेरू हाय तर पेरूवानीच येणार की. आजून काय येतंय त्यात?"

संजीवनी डोळे मिटायची. "थोडा गुलाबासारखा. आन् मागं... ओल्या गवतासारखा."

"गवत जास्त का गुलाब जास्त?"

"गवत."

"मग दोन दिस अडीत पिकू दे त्याला."

बरणीचं झाकण उघडलं की तेच. वास कसा आहे, गोड की जड, नाकात वर चढतो की खाली बसतो, कालच्यापेक्षा काय बदललं. उत्तर मोघम आलं तर रंगूबाई सोडायची नाही. सुरुवातीला संजीवनीला ती तोंडी परीक्षा वाटायची. सासू सगळं ओळखून बसली आहे आणि आपल्याकडून वदवून घेते आहे, असं तिला वाटे. पण महिन्याभरात तिच्या नाकाला धार आली. एकदा प्रकल्पावर एका टँकरचं दूध सगळ्या चाचण्यांत पास झालं होतं. संजीवनीनं नुसतं झाकण उघडून सांगितलं, की ह्यातल्या काही गाईंनी नेहमीचा लसूणघासाचा चारा नाही, काहीतरी रानटी पाला खाल्ला आहे. चौकशी केली तर तसंच निघालं. साहेबांनी विचारलं, हे कुठं शिकलात? ती म्हणाली, सासूबाईंकडं.

जुलैच्या अखेरीला चार बरण्या उभ्या होत्या. एक साधी, एक पेरूची, एक डाळिंबाची आणि एक जांभळासाठी राखलेली. हंगामातली शेवटची जांभळं नदीकाठच्या जुन्या झाडावर उरली होती. लहान, पण काळीभोर. ती अविराजनं झाडावर चढून उतरवली होती. शनिवारी दुपारी संजीवनी आली की घालायची असं ठरलं होतं. पण प्रकल्पावर थांबावं लागलं म्हणून तिनं फोन करून सांगितलं, "आत्या, फळ मऊ पडंल. तुमीच घाला. तुमाला काय सांगायचं?"

सहाच्या सुमाराला तिनं स्कूटी अंगणात लावली. मागच्या खोलीच्या दारात पाय ठेवला आणि ती थबकली. लोणच्याच्या दुकानात शिरावं तसा वास होता. तिखट, नाकात टोचणारा, डोळ्यांत पाणी आणणारा. बरणीतलं सायडर शिरक्याकडं, म्हणजे व्हिनेगरकडं, गेलं होतं. पाण्याची बाटली बरणीमागं कलंडलेली होती, नळीचं टोक उघडं पडलं होतं आणि त्याच्याभोवती चिलटं घोंघावत होती. हे काही आजचं नव्हतं. बुडबुडे थांबल्यापासून त्या कोपऱ्यातल्या बरणीकडं दोघींनीही नीट बघितलं नव्हतं, आणि प्रकल्पावर काम वाढल्यानं संजीवनी आठवडाभर ह्या खोलीत आलीही नव्हती.

आणि त्याच बरणीपुढं रंगूबाई पाटावर बसली होती. हात कोपरापर्यंत जांभळे. परात रिकामी. हंगामातलं शेवटचं फळ बरणीत जाऊन रंग धरू लागलं होतं. सुनेला बघून तिचा चेहरा उजळला.

"आलीस? बग, कसा रंग चढलाय. वास बी झ्याक सुटला आसंल न्हवं?"

संजीवनीला आधी काही कळलंच नाही. आत्या चेष्टा करताहेत असं क्षणभर वाटलं. हा वास तर गोठ्यातल्या अविराजलाही आला असता. मग तिनं सासूच्या चेहऱ्याकडं पाहिलं. रंगूबाई तिच्याचकडं बघत होती, टक लावून, तिच्या नाकाकडं, तोंडाकडं. आणि बघता बघता तिचं हसू उतरलं.

"बिघडलंय व्हय?" रंगूबाईनं विचारलं.

"शिरका झालाय, आत्या."

रंगूबाई आपल्या जांभळ्या हातांकडं बघत राहिली.

"तुमाला वास येत न्हाय," संजीवनी म्हणाली. तिला प्रश्न विचारायचा होता, पण तो प्रश्नासारखा निघाला नाही.

"न्हाय."

"कवापासनं?"

"कोरोनापासनं. सगळ्यांचा गेला, सगळ्यांचा आला. माजा न्हाय आला."

संजीवनी तिच्यापुढं फरशीवर बसली. "चार वर्सं झाली, आत्या. आमाला कुणाला सांगितलं न्हाय?"

"सांगून काय येनार व्हता का?" रंगूबाईनं ओच्याला हात पुसायला सुरुवात केली आणि डाग बघून थांबली. "बाजारात गेले एकदा. चिकू व्हते. हातानं चाचपून चांगले वाटले, म्हनून भागूबाईला दिले. ती बाजाराला आली की माज्याकडनंच घ्यायची. फुडच्या आठवड्यात आली आन् म्हनली, रंगू, आतनं आंबलेलं व्हतं गं, पोरांनी थुकलं. रागावली न्हाय. तिला वाटलं, नजरचूक. मी तिला सगळी पाटी तशीच देऊन टाकली आन् घरी आले. मग गुडघं दुखाय लागलं, म्हनून सांगितलं समद्यांना."

बाहेर म्हैस रेकली. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

संजीवनीच्या डोक्यात गेला महिनाभर उलटा फिरू लागला. चिरलेला पेरू नाकाशी धरणं. गवत जास्त की गुलाब. कालच्यापेक्षा काय बदललं. ती तोंडी परीक्षा कधीच नव्हती. आत्या शिकवत नव्हत्या, विचारत होत्या. सुनेनं अर्धवट शब्दांत सांगितलेला वास ही बाई आपल्या तीस वर्षांच्या आठवणीत ठेवून बघत होती आणि तिथून बरोबर सांगत होती, दोन दिवस थांब, आज घाल, हे फळ नको. आणि रोजचा स्वयंपाक? तेल तापलं हे ती मोहरीच्या आवाजावरून ओळखायची. भाजी करपली की नाही हे कालथ्याला लागलेल्या पापुद्र्यावरून. चार वर्षं घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण चुकलं नव्हतं.

"तुमी मला वास विचारायचा," ती म्हणाली, "मला वाटायचं तुमाला ठावंय."

"फळ ठाव हाय. वास तुजाच घेत व्हते." रंगूबाई म्हणाली. "पयल्यांदा तुला काय बी सांगता यायचं न्हाय. पेरूवानी, जांभळावानी. मग मी तुज्या तोंडाकडं बगायची. नाक आखडलं तर अडी, भुवई वर गेली तर पिकलं. आज तू नव्हतीस."

तेवढ्यावर संजीवनीला रडू आलं. ते दुःखाचं नव्हतं, आणि कशाचं होतं हे तिला नीट सांगता आलं नसतं. रंगूबाईनं जांभळा हात तिच्या डोक्यावर ठेवायला उचलला, मग रंग लागेल म्हणून कोपरानंच तिचा खांदा ढोसला. "रडतीस काय? माजी जांभळं वाया गेली म्हनून मी रडाय पायजे."

जांभळं वाया गेली नाहीत. संजीवनीनं ती बरणी ओतून दिली नाही. तोंडाला पातळ फडकं बांधून तिनं ती तशीच उघड्या हवेला ठेवली आणि शिरक्याला पुरता शिरका होऊ दिला. दोन महिन्यांनी त्याचा रंग माणकासारखा झाला, आणि आंबटपणाच्या मागं जांभूळ असं येऊन उभं राहिलं की चिरलेल्या कांद्यावर चमचाभर टाकला तरी ताट बदलायचं. दारूला न शिवलेल्या सावळारामला त्याला शिवायला हरकत नव्हती. तो भाकरीबरोबर रोज मागून घेऊ लागला. रंगूबाईच्या नाकाचं त्याला सुनेनंच सांगितलं, रंगूबाईला विचारून. तो बायकोला म्हणाला, "आन् मी चार वर्सं अंगाला अत्तर लावून लग्नाला जातोय."

"मला ठाव हाय की," रंगूबाई म्हणाली. "तुमी लावलं की मान ताठ हुती तुमची."

संजीवनी तिला बारामतीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. इतक्या वर्षांनी वास येईलच असं सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले, पण सराव करून बघा. ओळखीचे चार वास रोज दोनदा घ्या आणि आठवायचा प्रयत्न करा. रंगूबाईनं तो सराव नेमानं केला. लवंग, लिंबाची साल, तुळस आणि जांभळीचा चुरगळलेला पाला. सहा महिन्यांत लवंग तेवढी कधी कधी, लांबून हाक मारल्यासारखी यायची. बाकी काही नाही. तिनं त्याचं वाईट वाटून घेतलेलं दिसलं नाही.

पुढच्या वर्षी सावळारामच्या झाडांना दुपटीनं फळ आलं आणि सगळं रीतसर झालं. इंदापूर रस्त्याला दादासो नावाच्या एका माणसाचा छोटा, परवानाधारक फळांच्या वाइनचा कारखाना होता. संजीवनीनं त्याला बरण्यांची मापं लिहून ठेवलेली आपली वही दाखवली, त्यातल्या मापांवर त्याच्याकडं छोट्या बरण्या लावून दाखवल्या, आणि तो तयार झाला. सफरचंद ह्यांचं, टाक्या त्याच्या. फळांची जोड कधी आणि किती घालायची ते ठरवणार रंगूबाई, ही अट संजीवनीनं घातली. दादासोनं बाजारात रंगूबाईचं नाव ऐकलेलं होतं, त्यामुळं त्यानं ती आनंदानं मानली.

जांभूळ घालून पाच दिवस झाले होते त्या दिवशी दादासोनं टाकीतलं सायडर काचेच्या पेल्यात काढलं आणि मोठ्या आदरानं रंगूबाईपुढं धरलं. त्याचे दोन कामगार हातातलं काम सोडून बघायला आले. "मावशी, तुमच्या नाकाची लई कीर्ती ऐकलीय," तो म्हणाला. "घ्या वास आन् सांगा, आज गाळायचं का?"

पेला आपण घ्यावा म्हणून संजीवनी पुढं झाली. पण रंगूबाईनं पेला दादासोच्या हातातच राहू दिला.

"बाबा, माज्या नाकाला वास येत न्हाय आता. चार-पाच वर्सं झाली," ती सगळ्यांसमोर म्हणाली, बाजारभाव सांगावा इतक्या सरळ आवाजात. "पेला तूच घे नाकाशी. आन् मला तुजं तोंड बगू दे."

दादासो गोंधळला. त्यानं संजीवनीकडं पाहिलं, तिनं मान हलवली. मग त्यानं पेला नाकाशी नेला. रंगूबाई दोन पावलं पुढं आली आणि पदर सावरून त्याच्याकडं बघत राहिली, फळाकडं बघायची तसं.

"आता सून घेईल," ती म्हणाली.

संजीवनीनं वास घेतला. "जांभूळ हाय. पण वरच्या वर हाय, आत्या. खाली सफरचंद येगळंच हाय. दोन्ही अजून एकमेकांत गेली न्हाईत. आन् सालीचा कच्चा वास जरासा हाय."

"नाकात चढतोय का बसतोय?"

"चढतोय."

रंगूबाईनं टाकीच्या पत्र्याला तळहात लावला, ती किती गार आहे ते पाहिलं, आणि झाकणापाशी कान नेऊन ऐकलं. "आज नगं," ती म्हणाली. "आजून तीन दिस. पर उद्यापासनं साल तळाला बसू देऊ नगा, सकाळ-संध्याकाळ हलवा. आन् दार उघडं टाकू नगा, ऊन टाकीवर येतंय."

दादासोनं कामगाराला दार लावायला सांगितलं. मग तो पेला हातात धरून म्हणाला, "मावशी, माझ्या तोंडावर काय दिसलं तुमाला?"

"तुला आवडलं," रंगूबाई म्हणाली. "पर तू दुसऱ्यांदा वास घ्यायला वाकला न्हाईस. माणूस दुसऱ्यांदा वाकला की समजायचं झालं."

तीन दिवसांनी त्या दोघी परत गेल्या. दादासोनं पेला काढला, नाकाशी नेला, खाली घेतला, आणि पुन्हा वर नेला. रंगूबाईनं पदर खोचला आणि गाळायचं फडकं मागितलं. त्या टाकीतून निघालेलं सायडर पुण्याच्या एका हॉटेलवाल्यानं चाखलं आणि दादासोला फोन करून विचारलं, ह्यात कुठला फ्लेवर वापरता? दादासो म्हणाला, फ्लेवर नाही, आमच्याकडं दोन बायका आहेत.

परतताना स्कूटीवर मागं बसून रंगूबाई रस्त्याकडेचे मळे न्याहाळत होती. डाळिंबाच्या एका बागेजवळ तिनं सुनेच्या पाठीवर टकटक केलं. संजीवनीनं गाडी थांबवली. रंगूबाई उतरली, कुंपणाजवळ गेली, ओळखीच्या शेतकऱ्याला हाक मारून एक फळ मागितलं आणि बोटाच्या पेरानं त्यावर वाजवलं. मग नखानं सालीला टोचा मारून ते संजीवनीच्या नाकाशी धरलं.

"सांग," ती म्हणाली.

संजीवनीनं हेल्मेट काढून हँडलला अडकवलं आणि डोळे मिटले.